जड स्टिअरिंगचा तपास

प्रूफसाहेबांच्या गाडीचं स्टिअरिंग जड झालंय, ही गोष्ट सगळ्यांत आधी त्यांच्या उजव्या खांद्याला कळली. खांद्याकडून ती प्रूफसाहेबांना कळली आणि शनिवारी जेवताना त्यांच्या पत्नीला. पत्नी फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे आखडलेले सांधे हलवून घरी आल्यावर तिला जगातली कुठलीही न हलणारी वस्तू म्हणजे एक सांधाच वाटायची.

"हात वर करा," ती म्हणाली.

त्यांनी केला.

"कानाला टेकवा."

दंड आणि कान यांच्यात चार बोटं अंतर राहिलं.

"गाडीला काही झालेलं नाही. खांदा आखडलाय. रोज सकाळी भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, दहा वेळा."

"अगं, गाडी वळवताना मी सीटवरून अर्धा उठतो. गाडी जड झालीये."

"तेच म्हणते मी. खांदा आहे."

एरवी हा वाद आमटीबरोबर संपला असता. पण गाडीला पंधरा वर्षं पुरी होत होती आणि येत्या गुरुवारी तिचं पासिंग होतं. परिवहन कार्यालयाचा निरीक्षक गाडी चालवून बघणार, योग्य वाटली तर पुढच्या पाच वर्षांचा कागद देणार, नाहीतर गाडीचा प्रवास संपला. पत्नीचं मत होतं की तो संपू द्यावा. तिने ते मत मांडलं. त्यावर प्रूफसाहेब चिडले आणि चिडलेला मध्यमवर्गीय माणूस करतो तेच त्यांनी केलं, म्हणजे गरज नसताना शब्द दिला. "गाडी नापास झाली तर भंगारवाल्याला मी स्वतः फोन करीन," ते म्हणाले. दुर्दैवाने त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर शिडी मागायला दारात उभे होते. शब्दाला साक्षीदार मिळाला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या इमारतीला गुरुवारची तारीख पाठ होती.

खरं सांगायचं तर प्रूफसाहेबांचं त्या गाडीवर प्रेम होतं. डॅशबोर्डच्या खणावर लेकीने पाचव्या वर्षी चिकटवलेली चांदणी अजून होती. तीच लेक गेल्या वर्षी हॉस्टेलवर राहायला गेली, तेव्हा तिला सोडून परत येताना ते एका सिग्नलला चांगली दोन मिनिटं रडले होते. हे जगात फक्त त्या गाडीला माहीत होतं. असल्या साक्षीदाराला कोणी भंगारात घालत नाही.

त्यांना प्रूफसाहेब म्हणत, कारण एका पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात ते सव्वीस वर्षं मुद्रितशोधक होते. दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण इमारतीने ते कधी वापरलं नाही. इमारतीच्या सूचनाफलकावर लागलेली प्रत्येक सूचना ते खिशातल्या लाल पेनाने दुरुस्त करत. ‘पाणि सकाळी येणार नाहि’ या सूचनेवर त्यांनी दोन ठिकाणी वेलांट्या बदलल्या होत्या. पाणी त्यानंतरही आलं नव्हतं, पण निदान शुद्ध आलं नव्हतं. छापखान्यात त्यांचा एक नियम होता. ओळीमागून ओळ वाचायची, पान निर्दोष झालं की कोपऱ्यात बरोबरची खूण करायची, खाली सही करायची, आणि मग त्या पानाकडे पुन्हा बघायचं नाही. सही केलेलं पान पुन्हा उघडणारा माणूस स्वतःवर अविश्वास दाखवतो, असं ते नवीन लोकांना सांगत.

रविवारी सकाळी त्यांनी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका काढली. पंधरा वर्षांत ती कोणी उघडली नव्हती. आधी त्यांनी तिच्यातल्या मुद्रणाच्या अकरा चुका दुरुस्त केल्या, मग मजकुराकडे वळले. ‘स्टिअरिंग जड लागल्यास’ या मथळ्याखाली एक तक्ता होता. एक, चाकांतील हवा. दोन, पट्टा. तीन, स्टिअरिंगचं ऑइल. चार, पंप. प्रूफसाहेबांना फार बरं वाटलं. चूक चारच जागी असू शकत होती आणि त्यांचा क्रमही दिलेला होता.

गाडी कुथत कुथत पेट्रोल पंपावर गेली. त्यांनी चारही चाकांत बत्तीसची हवा भरून घेतली आणि परत येताना काय आश्चर्य, स्टिअरिंग एका बोटाने फिरू लागलं. त्यांनी पहिल्या ओळीपुढे बरोबरची खूण केली, सही केली, तारीख टाकली.

फाटकापाशी बॉयलरकाका उभे होते. काका तळमजल्यावर एकटे राहत. एका कागदाच्या गिरणीत पस्तीस वर्षं त्यांनी बॉयलर सांभाळला होता आणि त्या काळात तो एकदाही फुटला नव्हता. हे ते भेटणाऱ्या प्रत्येकाला वीस मिनिटांत सांगत. इमारतीतल्या लोकांनी यावर आपापले उपाय शोधले होते. डॉक्टर कानाला फोन लावत. प्रूफसाहेबांची रीत जास्त सभ्य होती. काकांनी कुठलाही विषय काढला, उन्हाळ्याचा, पाण्याच्या टाकीचा, जिन्यातल्या दिव्याचा, गाडीचा, की ते अदबीने मान हलवत, "हो काका, तुमचं लक्ष असू द्या," असं म्हणत आणि जिना चढून जात.

"काय रे, स्टिअरिंगचं काही कळलं का?" काकांनी विचारलं.

"कळलं आणि मिटलंही."

"प्रेशर बघ. सगळा खेळ प्रेशरचा असतो."

"बघितलं काका," प्रूफसाहेबांनी त्यांना सही दाखवली. "तुमचं लक्ष असू द्या." आणि जिना चढून गेले.

सोमवारी सकाळी साडेनऊला ते छापखान्यात जायला निघाले, तर स्टिअरिंग पुन्हा जड. पार्किंगमधून गाडी बाहेर काढताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. पण मुद्रितशोधक घाबरत नाही, तो विचार करतो. हवा हे कारण असतं, तर हवा भरल्यावर दुखणं कायमचं गेलं असतं. ते परत आलं, त्या अर्थी हवा हे कारण नाही. पहिली ओळ बाद झाली. संध्याकाळी ते गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्री सज्जन आणि मितभाषी होता. त्याने बॉनेट उघडलं, कान देऊन ऐकलं, पट्टा बोटाने दाबला.

"पट्टा सैल आहे, साहेब."

"ती दुसरी ओळ," प्रूफसाहेब समाधानाने म्हणाले.

मिस्त्रीने पट्टा बदलला, गाडी पुसली, नेहमीच्या सवयीने चाकांत हवा मारली आणि गाडी ताब्यात दिली. स्टिअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. दुसऱ्या ओळीपुढे खूण झाली, सही झाली, आणि घरी प्रूफसाहेबांनी पत्नीला खालपर्यंत नेऊन स्टिअरिंग एका करंगळीने फिरवून दाखवलं. पत्नी म्हणाली, "भिंतीवरच्या व्यायामाने सुटला खांदा." व्यायाम त्यांनी अजून एकदाही केला नव्हता, पण हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

मंगळवारी सकाळी स्टिअरिंग जड होतं.

मंगळवारी संध्याकाळी ऑइल काढून नवीन भरलं. मिस्त्रीने हवा मारली, गाडी दिली, स्टिअरिंग हलकं. बुधवारी सकाळी पुन्हा जड. आता या तपासात सगळ्या इमारतीने भाग घेतला. दाताचे डॉक्टर आपली नवी कोरी गाडी पुसायचं थांबवून आले, आणि पुढच्या चाकांकडे बघत म्हणाले, "तुमचे टायर जरा बसल्यासारखे वाटत नाहीत?"

प्रूफसाहेबांनी पुस्तिका उघडून पहिली ओळ त्यांच्यापुढे धरली. खूण, सही, तारीख.

"नाही, मला आपलं वाटलं," डॉक्टर म्हणाले. सहीपुढे त्यांचा नाइलाज झाला.

या सगळ्यात पत्नीच्या डोक्यात मात्र वेगळाच प्रकाश पडला. "थांबा," ती म्हणाली, "संध्याकाळी हलकं असतं आणि सकाळी जड होतं?"

"रोज."

"रात्रभर पडून राहिल्यावर आखडतं. सकाळचा ताठरपणा." इतके दिवस खांद्यावर असलेला तिचा संशय आता पहिल्यांदाच गाडीवर गेला आणि तिच्या आवाजात पेशंटबद्दलची माया आली. "सांधेदुखी आहे तिला. शेक द्या."

सुशिक्षित माणसाने असल्या सल्ल्याला हसायला हवं होतं. पण पासिंग चोवीस तासांवर आलं होतं, आणि सुशिक्षितपणा इतका वेळ टिकत नाही. बुधवारी सकाळी नऊ वाजता इमारतीच्या पार्किंगमध्ये, सगळ्यांच्या देखत, प्रूफसाहेबांनी गाडीचं बॉनेट उघडलं आणि पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर रबरी गरम पाण्याची पिशवी ठेवली. पत्नी घड्याळ लावून उभी राहिली. बारा मिनिटांनी त्यांनी स्टिअरिंग फिरवून बघितलं. पिशवी थंड झाली होती, एवढाच बदल झाला होता. बॉयलरकाका लांबून बघत होते. "उष्णता वाढवू नकोस," ते ओरडून म्हणाले, "उष्णतेने प्रेशर वाढतं." सगळं जग आपल्याला शिकवतंय, हे दुःख प्रूफसाहेबांनी गिळलं आणि मान हलवली.

संध्याकाळी मिस्त्रीने पंप उतरवला, खोलला, पुसला आणि पुन्हा बसवला. "साहेब, पंपाला काही नाही," तो म्हणाला. त्याचाही चेहरा पडला होता. रोज आपण गाडी बरी करायची आणि रोज ती सकाळी आजारी पडून यायची, हे त्याच्या बावीस वर्षांच्या धंद्यात कधी झालं नव्हतं. तरी त्याने सवयीने हवा मारली. चौथ्या ओळीपुढे सही झाली. तक्त्यात आता ओळ उरली नव्हती.

गुरुवारी सकाळी गाडी अशी जड होती की फाटकाच्या वळणावर प्रूफसाहेबांनी एक पाय दाराला टेकवून स्टिअरिंग ओढलं.

परिवहन कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीने त्यांना अर्ज दिला. अर्जात ‘वाहनाची स्थीती’ असं छापलं होतं. ज्या हाताने सव्वीस वर्षं एक काम केलं, तो हात मन दुसरीकडे असताना आपोआप चालतो. अर्ज पाच नंबरच्या खिडकीत गेला तेव्हा आतला कारकून म्हणाला, "लाल शाईचा अर्ज चालत नाही. नवीन घ्या." नवीन अर्जासाठी पुन्हा तीन नंबरला रांग. यावेळी त्यांनी पेन मुठीत दाबून धरलं आणि ती चूक तशीच जाऊ दिली. आयुष्यात पहिल्यांदा. गाडीसाठी माणूस काय काय करतो.

निरीक्षक एक तरुण बाई होत्या. त्यांनी मैदानात आखलेल्या आठच्या आकड्यावरून गाडी फिरवायला सांगितली. प्रूफसाहेबांनी पहिला गोल पुरा केला आणि दुसऱ्या गोलाच्या मध्यावर त्यांचा खांदा संपावर गेला. गाडी आठचा सहा करून थांबली. बाई जवळ आल्या, खाली वाकल्या आणि त्यांनी खिशातलं मीटर पुढच्या चाकाला लावलं.

"अठरा," त्या म्हणाल्या. दुसऱ्याला लावलं. "अठरा. मागची बत्तीस आहेत. पुढच्या चाकांची हवा कोण बघतं?"

"मी. तपासलेली आहे," प्रूफसाहेबांनी पुस्तिका काढली. "ही सही. रविवारची."

"आज गुरुवार आहे," बाई म्हणाल्या. "सही टायरमध्ये राहत नाही, साहेब."

प्रूफसाहेबांनी त्या पहिल्या ओळीकडे बघितलं. ती त्यांच्याच हाताने बंद झाली होती आणि तेव्हापासून त्यांनी ती उघडली नव्हती. निरीक्षकबाईंनी त्यांचा घामेजलेला चेहरा बघितला, खणावरची चांदणी बघितली आणि पेन खिशात ठेवलं. "आज मी शेरा लिहीत नाही. उद्या अकराला हवा भरून या. उद्या जड लागली तर मात्र लिहावं लागेल."

जवळच्या पंपावर हवा भरली. घरी येताना स्टिअरिंग करंगळीवर नाचत होतं आणि प्रूफसाहेबांना स्वतःचा इतका राग आला होता की तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. दुपारी मिस्त्रीने पुढची दोन्ही चाकं काढून पाण्याच्या टपात बुडवली. एक बुडबुडा आला नाही.

"पंक्चर नाही, साहेब. आणि दोन्ही चाकं बरोबर अठरावरच आली?" मिस्त्री पहिल्यांदाच लांबलचक बोलला. "गळती अशी मोजून होत नाही. हे माणसाचं काम आहे."

शुक्रवारी सकाळी सहाला प्रूफसाहेब हातात चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे राहिले. सहा वाजून दहा मिनिटांनी तळमजल्याचं दार उघडलं. बॉयलरकाका बाहेर आले. इस्त्रीचा खाकी शर्ट, एका हातात घडीचं स्टूल, दुसऱ्यात पितळी मीटर, खिशाला डायरी. त्यांनी प्रूफसाहेबांच्या गाडीपाशी स्टूल मांडलं, बसले, चाकाला मीटर लावलं, डोकं हलवलं. मग हवा सुटल्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू आला.

प्रूफसाहेब दोन दोन पायऱ्या उतरत खाली गेले. जाताना त्यांनी तीन वाक्यं तयार केली होती, तिन्ही व्याकरणशुद्ध आणि तिन्ही अपमानकारक.

"ये, ये," काका त्यांना बघून म्हणाले. "बरं झालं आलास. मी आज तुला सांगायला वरच येणार होतो. अरे, कोणीतरी तुझ्या वाईटावर आहे."

"म्हणजे?"

"हे बघ," काकांनी डायरी उघडली. "उन्हाळा सुरू झाला तेव्हा मी तुला जिन्यात म्हटलं, पुढे इंजिनाची उष्णता, त्यात ऊन, पुढच्या चाकांचं प्रेशर अठरावर ठेवायला हवं. तू म्हणालास, काका, तुमचं लक्ष असू द्या. मी त्याच दिवसापासून ठेवलं लक्ष. पंधरा दिवस सगळं शांत. आणि गेल्या रविवारपासून, काय सांगू, रोज कोणीतरी येऊन बत्तीस करून जातो. मी उतरवतो, तो चढवतो. पाच दिवस एकटा झुंजतोय मी. पण फुटू दिलं नाही."

प्रूफसाहेबांनी डायरी हातात घेतली. तारीख, वेळ, आधी किती, नंतर किती, सही. वीस ओळी, सगळ्या एका रेषेत, एक खाडाखोड नाही, एक वेलांटी चुकलेली नाही. काका त्यांच्याकडे बघत होते. बऱ्याच वर्षांत कोणी त्यांना काम दिलं नव्हतं, आणि मिळालेलं हे काम त्यांनी जिवापाड केलं होतं. तयार केलेली तिन्ही वाक्यं प्रूफसाहेबांनी मनातल्या मनात खोडून टाकली.

"काका, तो माणूस मीच आहे," ते म्हणाले. "मीच भरत होतो."

"तू?"

"आणि लक्ष असू द्या म्हणालो, तेव्हा तुम्ही काय सांगत होतात ते मी ऐकलंच नव्हतं. चुकलं माझं."

हे दोन शब्द त्यांनी या आधी कधी उच्चारले होते, हे त्यांना आठवेना. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ते हलके निघाले. मग त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरची छोटी पट्टी दाखवली. कारखान्यानेच लावलेली. पुढे बत्तीस, मागे बत्तीस.

काकांनी चष्मा वर केला, पट्टी वाचली, पुन्हा वाचली आणि उठून उभे राहिले.

"हे लेखी आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "कारखान्याची प्लेट आहे. मग प्रश्नच मिटला. बॉयलरवर प्लेटपुढे साहेबाचंही चालत नाही. हे तू मला आधी दाखवायचं नाहीस का?"

"पंधरा वर्षांत मीही वाचलं नव्हतं," प्रूफसाहेब म्हणाले. "काका, अकराला पासिंग आहे. तुम्ही येता का बरोबर?"

काका मीटर घेऊन पुढच्या सीटवर बसले. पंपावर बत्तीस भरलं, काकांनी पितळी मीटर लावून खात्री केली आणि डायरीत लिहिलं. मैदानात गाडीने आठचा आकडा असा काढला की निरीक्षकबाईंनी तो पुन्हा काढायला सांगितला, केवळ बघायला. खाली वाकून मीटर लावल्यावर त्यांनी विचारलं, "आता हवा कोण बघतं?"

"मी," काका म्हणाले, आणि सावधान उभे राहिले.

घरी पत्नी दारात वाट बघत होती. दाताचे डॉक्टर शिडी परत करायच्या निमित्ताने जिन्यात आले होते. प्रूफसाहेबांनी पाच वर्षांचा कागद वर धरला.

"मग होतं तरी काय?" पत्नीने विचारलं.

प्रूफसाहेब तोंड उघडणार, तेवढ्यात मागून जिना चढत आलेले काका म्हणाले, "प्रेशर. मी याला रविवारीच सांगितलं होतं."

जिन्यात सगळे प्रूफसाहेबांकडे बघू लागले. पाच दिवस, एक पट्टा, एक ऑइल, एक पंप, गरम पाण्याची पिशवी आणि लाल शाईचा एक अर्ज, हे सगळं त्यांच्या जिभेच्या टोकावर आलं होतं.

"हो," ते म्हणाले. "सांगितलं होतं काकांनी."

काका अंगठा खिशात खोचून खाली गेले. पत्नीने नवऱ्याकडे नीट निरखून बघितलं. चोवीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं नमतं घेताना तिने पाहिलं नव्हतं. "बरे आहात ना? हात वर करा बघू," ती म्हणाली.

त्यांनी केला. दंड सरळ कानाला जाऊन टेकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा दहाला प्रूफसाहेब खिडकीत आले, तेव्हा काका त्यांच्या गाडीपाशी डायरीत बत्तीस लिहून उठत होते. बाजूला डॉक्टर आपल्या नव्या गाडीचा दरवाजा उघडून उभे होते, आणि मोठ्या अदबीने, घाईघाईने म्हणत होते, "हो काका, आमच्याही गाडीकडे तुमचं लक्ष असू द्या."

प्रूफसाहेबांनी खिडकी उघडली. "डॉक्टर," त्यांनी हाक मारली, "ते काय सांगतायत ते आधी पूर्ण ऐकून घ्या. वीस मिनिटं लागतील."